पांढऱ्या चौकटी

मला ते रेडिओवरून कळलं, आणि तेच जास्त लागलं.

आमच्या हटवर, म्हणजे ट्रेकर मुक्कामाला येतात त्या डोंगरातल्या घरात, रेडिओ बाहेरच्या पडवीत आहे, बुटांच्या फळीशेजारी. रोज संध्याकाळी सात वाजता खालच्या ऑफिसातून हवामान सांगतात आणि डोंगरातल्या सगळ्या हट एकेक करून हजेरी देतात. त्या सोमवारी मी आमची हजेरी दिली, वारा किती, ढग कुठवर, ते पाटीवर लिहिलं आणि बटण बंद करणार तेवढ्यात खालचा ग्रेगर म्हणाला, "इफी, रिपेकाला सांग, तिकडच्या कामाचं हो की नाही ते शनिवारपर्यंत कळव म्हणावं. हेलिकॉप्टर येईल तेव्हा सांगितलं तरी चालेल. ती गेली तर तीन उन्हाळे तुझ्या जोडीला दुसरं कुणीतरी शोधायला लागेल आम्हाला."

"कसलं काम?"

"अगं, ब्रायनीबरोबरचं. पार दक्षिणेच्या डोंगरात. तुला बोलली नाही?"

"बोललीय की," मी म्हणाले. साफ खोटं.

आत आले तर रिपेका टेबलाशी त्या पोरीला, ब्रायनीला, चिकटून बसली होती आणि दोघी कसल्या तरी कागदावर वाकून खिदळत होत्या. मी पातेलं असं आदळलं की दोघींनी माना वर केल्या.

"काय म्हणाला ग्रेगर?" रिपेकाने विचारलं.

"काही नाही. वारा आहे म्हणाला."

सतरा उन्हाळे झाले, मी आणि रिपेका डिसेंबर ते मार्च, म्हणजे आमच्याकडचा उन्हाळाभर, या हटवर राहतो. सतरा! माझ्या नवऱ्याबरोबर मी इतकी टिकले नाही. ती हिमनदीवरची वाट बघते, मी चूल, गॅस, पाणी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कटकटी बघते. तिला माझं घोरणं माहीत आहे, मला तिचं सकाळचं तुसडेपण. दहाच्या आधी तिच्याशी बोलायचं नाही, हे मी पहिल्याच आठवड्यात शिकले. ब्रायनी सकाळी सहाला तिला "आंटी रीप, उठलात का?" म्हणून हाक मारते आणि आंटी रीप चक्क हसते. मला मात्र ती नुसतं इफी म्हणते. मी काय हटचं भांडं आहे?

आणखी एक सांगते. रिपेकाच्या घरचे लोक दर वर्षी दक्षिणेच्या बेटांवर टीटी नावाचे समुद्रपक्षी धरायला जातात. तो हक्क त्यांचाच, पिढ्यान्‌पिढ्यांचा. पक्षी खारवून बादल्या भरतात, आणि तिच्या वाटणीची एक बादली ती इथे वर आणते. मग एका रविवारी आम्ही ते तीन पाण्यांतून उकळतो. वासाने आठवडाभर हट घमघमते, ट्रेकर नाकं धरून पळतात, आणि आम्ही दोघी हात बरबटून, हाडं चोखत बसतो. त्या जेवणाला आम्ही कधी तिसऱ्याला बोलावलं नव्हतं. या वर्षी रिपेकाने तीन ताटल्या मांडल्या. आणि त्या पोरीला आवडलं! निदान तोंड वाकडं केलं असतं तरी मी तिला माफ केलं असतं.

ब्रायनी जानेवारीत आली. सत्तावीस वर्षांची, ख्राइस्टचर्चच्या विद्यापीठाची, लांबलचक तंगड्या आणि सगळ्या प्रश्नांना उत्तरं तयार. बरोबर काठ्यांचा भारा. कशासाठी, तर लाल बर्फासाठी. आता लाल बर्फ आम्हाला काय नवा? जानेवारी अर्धा सरला की हटच्या वरच्या कुंडात, डोंगराच्या त्या वाटीसारख्या खोलगटात, बर्फावर गुलाबी लाली चढते. वाससुद्धा कलिंगडाचा येतो. डोळ्यांना एकेकटं न दिसणारं शेवाळ असतं ते. आम्ही ट्रेकरना एवढंच सांगतो की खाऊ नका, नाहीतर दिवसभर संडासची वाट धराल. पण ब्रायनीला त्याची मोजणी करायची होती. पांढरा बर्फ ऊन परतवून लावतो, लाल झालेला बर्फ ते पितो आणि लवकर वितळतो. किती लवकर, एवढा तिचा सवाल.

म्हणून तिने कुंडात आठ चौकटी आखल्या. चार तशाच लाल ठेवल्या. चारांवरची लाली फावड्याने खरवडून काढली आणि रोज खरवडत राहिली, पांढऱ्या दिसेपर्यंत. प्रत्येकीच्या मधोमध एक काठी ठोकली. रोज दुपारी काठी बर्फाच्या वर किती उघडी पडली ते मोजायचं. लाल चौकटी रोज नखभर, कधी बोटभर जास्त खचत होत्या. आमच्या टाकीचं पाणी त्याच कुंडातून येतं. पूर्वी मार्च संपेपर्यंत नळ धो-धो वाहायचा, आता फेब्रुवारीतच खोकायला लागतो, हे मलाही दिसत होतं. आंधळी थोडीच आहे मी! पण ब्रायनी ते सांगायची ना, म्हणून मला कबूल करवत नव्हतं.

मोजायला दोघी लागतात. एकीने काठीला पट्टी धरायची, दुसरीने वाकून आकडा वाचायचा. पहिल्याच दिवशी रिपेका म्हणाली, "मी जाते हिच्याबरोबर. तुझे गुडघे कुरकुरतात, तू थांब."

माझ्या गुडघ्यांची एवढी काळजी तिला सतरा वर्षांत कधी वाटली नव्हती.

तर सोमवारी ग्रेगर ते बोलला. मी मनाशी म्हटलं, आज सांगेल. मंगळवारी भांडी घासताना मुद्दाम विषय काढला.

"पुढच्या वर्षी या खिडकीची चौकट बदलायला पाहिजे, रीप. कुजलीय."

"हं."

"आपण दोघींनी डिसेंबरातच केली तर होईल."

"बघू की," ती म्हणाली आणि फडकं झटकून निघून गेली.

बघू की! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. सरळ विचारायला काय झालं होतं, असं तुम्ही म्हणाल. पण मी का विचारायचं? सोडून जाणारीने आधी सांगायचं की राहणारीने हात पसरायचे? मी ओठ शिवून घेतले. बुधवारी जेवताना ब्रायनीच म्हणाली, "एवढा आठवडा नीट पार पडला ना, की सहा आठवड्यांचे आकडे पुरे होतात. मग तिकडच्या कामाला कुणी नाही म्हणू शकत नाही."

"आणि नाही पार पडला तर?" मी विचारलं.

"तर सगळं ओम फस, इफी," म्हणून ती हसली. रिपेकाही हसली. मी स्कोनवर लोणी लावत राहिले.

गुरुवारी ढग खाली उतरला. दार उघडलं की समोर पांढरा पडदा, दहा पावलांपलीकडे काही दिसेना. खालच्या टाकीचा पाइप तुंबला होता, म्हणून त्या दोघी पान्हे घेऊन तिकडे गेल्या. अर्थात दोघीच. तीन तास तरी येणार नव्हत्या. एकही ट्रेकर नव्हता. मी एकटी, आणि खिळ्याला लटकलेली पक्कड.

आमच्याकडे काही मोडलं, हरवलं, फाटलं की किआचं नाव घ्यायचं असतं. किआ म्हणजे आमचा डोंगरी पोपट, अस्सल चोर. त्याने संडासची सीट उचकटली आहे, एका जर्मनाचे बूट कुरतडले आहेत, रिपेकाचे खोटे दातसुद्धा एकदा छपरावर नेऊन ठेवले होते. रंगीत टेप आणि काठ्या म्हणजे तर त्याची जत्राच. चार काठ्या उपटलेल्या आणि टेपच्या चिंध्या झालेल्या दिसल्या की कुणीही काय म्हणेल? मेले किआ!

ढगात चालताना खड्डे दिसावेत म्हणून आम्ही सगळे पिवळ्या काचांचा गॉगल लावतो. मीही लावला. लाकडाच्या शेडमागून निघाले आणि मुद्दाम डावीकडच्या उतारावरून वर गेले, कारण तिकडचा बर्फ पांढरा असतो. लाल भागातून गेलं की तळवे आणि पँटचे काठ गुलाबी होतात, आणि एवढी अक्कल मला आहे. पावलं उमटत होती, पण त्याची मला फिकीर नव्हती. फेब्रुवारीतला मऊ बर्फ, दुसऱ्या दिवसापर्यंत कडा विरघळून खूण कुणाच्या बुटाची की वाऱ्याची ते कळत नाही.

फावड्याच्या खुणांवरून ओळखून मी चारही पांढऱ्या चौकटींतल्या काठ्या उपटल्या. लाल चौकटींना हात लावला नाही. पांढऱ्याच गेल्या तर लालीची तुलना कशाशी करणार ही बया? पक्कडीने टेप चावल्यासारखी तोडली, काठ्यांच्या टोकांवर ओरखडे काढले, दोन घळीत फेकल्या, दोन तिथेच टाकल्या. जिथे काठी ठोकली होती ती भोकं पायाने तुडवून बुजवली. मग उभी राहिले आणि दम घेतला. बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. आता जा दक्षिणेला, आंटी रीपला घेऊन!

परत येऊन बूट ब्रशने घासले, पक्कड जागेवर लावली आणि आल्याची बिस्किटं केली. दोघी भिजून आल्या, बिस्किटांवर तुटून पडल्या. ढग हलला नाही म्हणून त्या दिवशी मोजणी राहिली. रिपेका म्हणाली, "इफी, आज काय विशेष? स्वारी खुशीत दिसतेय." मी म्हटलं, बिस्किटं जमली म्हणून.

शुक्रवारी सकाळी आकाश लख्ख झालं. मी लापशी ढवळत होते. ब्रायनी दुर्बीण घेऊन दारात गेली आणि तिथूनच किंचाळली, "आंटी रीप! काठ्या गेल्या! पांढऱ्या चारही गेल्या!"

"मेले किआ!" मी चुलीवरून ओरडले. "तरी मी सांगत होते, चकचकीत टेप लावू नका म्हणून."

ब्रायनी अनवाणीच बूट शोधायला पडवीत धावली. रिपेका दारात उभी राहून वर बघत होती. मग तिने वळून न बघताच हाक मारली.

"इफी, बाहेर ये."

"लापशी लागेल गं."

"लागू दे."

मी गेले. अजूनही ते आठवलं की कानशिलं तापतात. लाकडाच्या शेडमागून निघून, डाव्या उतारावरून, थेट चौकटींपर्यंत आणि तिथून परत, लालभडक पावलांची रांग. एक जाताना, एक येताना. डावं, उजवं, डावं, उजवं. आजूबाजूचा बर्फ पांढराफटक आणि प्रत्येक पाऊल तांबडं. हटच्या खिडकीतून काय, खालच्या दरीतूनसुद्धा दिसलं असतं.

त्या पांढऱ्या बर्फातही शेवाळ होतंच, विरळ पसरलेलं. डोळ्यांना दिसत नाही, पण पायाखाली बर्फ दाबला की ते एका जागी दाटतं आणि रंग वर येतो. ब्रायनीने हे पहिल्याच आठवड्यात जेवताना सांगितलं होतं म्हणे. मी कुठे ऐकत होते? ती बोलायला लागली की मी भांडी वाजवायचे. आणि आदल्या दिवशी माझ्या पावलांना रंग चढत होता तेव्हा मी पिवळ्या काचांतून बघत होते. त्या काचांतून सगळा बर्फ एकाच रंगाचा दिसतो, हे मला न कळायला मी काय काल डोंगरात आले होते?

"किआला बूट कधीपासून फुटले?" रिपेकाने विचारलं.

ब्रायनी एक बूट पायात आणि एक हातात घेऊन उभी होती. तिने रांगेकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. मला वाटलं आता फाडून खाईल. मी तयार होते, मला तेच हवं होतं. पण तिचे डोळे भरून आले.

"का पण, इफी?" ती म्हणाली. "मी काय केलं तुमचं?"

रिपेकाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. आणि बघा, माझी लाज वेशीला टांगली गेली होती, तरी त्या क्षणीसुद्धा मला दिसला तो तिच्या खांद्यावरचा हात. तो तिथे का, एवढंच मनात आलं. असली मी.

पोरीने नाक पुसलं आणि वही घेऊन वर गेली. तासाभराने खाली आली आणि कोरड्या आवाजात म्हणाली, की पांढऱ्या चौकटींचे साडेपाच आठवडे वहीत आहेत, तेवढ्यावर भागेल. म्हणजे मी जे केलं त्याने कुणाचं काही अडलं नाही. दक्षिणेचं काम होतं तिथेच होतं.

रिपेका लाकडाच्या शेडमध्ये होती. मी मागे गेले. ती ओंडके रचत होती, रचलेलेच पुन्हा रचत होती.

"सोमवारी ग्रेगर बोलला मला," मी म्हणाले. "तीन उन्हाळ्यांचं."

तिचे हात थांबले. "सोमवारी? आणि तू मला म्हणालीस वारा आहे."

"तू मला सांगितलं होतंस का? जायचं ठरवलंस, बाहेरच्यांना माहीत, गावाला माहीत, आणि मला? मी कोण? सतरा वर्षं तुझ्यासाठी चूल फुंकतेय आणि कालची पोरगी येऊन—"

"कुणी ठरवलं?"

"काय?"

"जायचं कुणी ठरवलं, इफी?" आता तिचा आवाज चढला. तिचा आवाज मी क्वचितच चढलेला ऐकलाय. "त्या पोरीने विचारलं, मी म्हटलं शनिवारी सांगते. लगेच तोंडावर नाही म्हणणं बरं दिसत नाही, तिने मनापासून विचारलं होतं. नाहीच म्हणणार होते मी. जे काम करायचंच नाही त्याचं तुला येऊन काय सांगायचं? बाई, तुझ्या खिडकीची चौकट बदलायला घरून लाकूड आणायचं हेसुद्धा माझ्या डोक्यात होतं."

मी खाली पडलेला ओंडका उचलून तिच्या हातात दिला. "मग आता?"

तिने हातातला ओंडका नीट, काळजीपूर्वक जागेवर ठेवला.

"आता जाते," ती म्हणाली.

"रीप, माझं चुकलं. चुकलं म्हणतेय ना? पाया पडू का आता?"

"नको. मला राग नाही आलेला. राग आला असता तर चार दिवसांत उतरला असता. तू चार दिवस माझ्यासमोर बसून जेवलीस, मला बिस्किटं वाढलीस, आणि मनात हे. दोघीच इथे राहतो आपण. काही झालं तर माझ्यासाठी तू आणि तुझ्यासाठी मी, तिसरं कुणी नसतं. तुझ्या मनात काय चाललंय ते मला रोज चाचपत बसायला लागलं, तर मला नाही जमणार."

मी खूप बोलले त्यानंतर. रडले, भांडले, तिच्याच नावाने ठणाणा केला, त्या पोरीला चार शिव्या घातल्या आणि त्याही परत घेतल्या. रिपेका ऐकत राहिली. शनिवारी दुपारी हेलिकॉप्टर आलं, आणि हंगाम संपायची वाट न बघता रिपेकानेही त्यातच सामान चढवलं. ब्रायनी निघताना माझ्याजवळ येऊन "येते, इफी" म्हणाली, तेवढं मोठेपण तिने दाखवलं आणि मला ते सहन झालं नाही. रिपेकाने माझ्या कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक टेकवलं, दर वर्षी निरोप घेताना त्यांच्या रीतीने टेकवते तसंच. मग ती हेलिकॉप्टरमध्ये ब्रायनीच्या शेजारी जाऊन बसली. खिडकीजवळची जागा तिने पोरीला दिली.

त्याला आता तीन आठवडे होतील. जोडीला कुणी मिळालं नाही, मार्च संपेपर्यंत मी एकटीच आहे. मला वाटलं होतं पावलं दोन दिवसांत विरघळून जातील, निदान ती तरी. पण लाल दाटलं तिथे ऊन जास्त शिरतं, हे तर त्या पोरीने आठ चौकटी आखून दाखवलंच होतं. आजूबाजूचा बर्फ हळूहळू बसतोय आणि माझी पावलं त्याच्याहून भराभर खाली चालली आहेत. आधी ती नुसते डाग होती, आता टोपभर खोल खड्डे झालेत, तळाशी गडद लाल. फावडं घेऊन मी एकदा वरून बर्फ टाकून पाहिला. दुसऱ्या दिवशी तिथेही रंग आला, शिवाय टाकायला गेले तेव्हाची नवी पावलं उमटली ती वेगळीच. मग नाद सोडला.

येणारा प्रत्येक ट्रेकर विचारतो. फोटो काढतात मेले. परवा एक बाई खिडकीशी उभी राहून बघत होती.

"इथून कोण गेलं हो वर?" तिने विचारलं.

"मी," म्हटलं.

"एकट्याच? कशाला?"

मी तिच्यासाठी चहा ओतला आणि साखर किती घालू ते विचारलं.